जर्मनीतली नोटीस, बर्लिनची पोस्टरं आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप



समजा, आपल्यातलाच एखादा मुलगा ठाण्याहून म्युनिचला शिकायला गेला. खोली मिळाली, वायफाय लागलं. घरची आठवण आली म्हणून एका रात्री त्याने टोरेंटवरून नवीन हिंदी चित्रपट उतरवून घेतला. इकडे आपल्याकडे कोण विचारतो? पण काही आठवड्यांनी त्याच्या घरमालकिणीच्या नावाने वकिलाचं जाड पाकीट येतं. आत चित्रपटाचं नाव, तारीख, तास-मिनिट-सेकंदासकट वेळ, आणि खाली कित्येक शे युरोंची मागणी. मुलाची झोप उडते, आणि इथे आईबाबांचीसुद्धा.

या पाकिटाला जर्मनीत ‘आबमानुंग’ म्हणतात. म्हणजे कोर्टात जाण्याआधीची वकिलाची ताकीद. जर्मनीत राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांत हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे. आज या विषयावर लिहायचं कारण एवढंच नाही की आपली मुलं तिकडे जातात. चित्रपटाची चोरी, पोस्टरची नक्कल आणि ‘हे नेमकं कोणाचं?’ हा प्रश्न जर्मनीत जितका सविस्तर लढला गेला तितका फार थोड्या देशांत लढला गेला असेल. त्यातल्या एका लढ्याशी तर ज्यू म्हणून आपला थेट संबंध पोहोचतो. शेवटी हे सगळं आपल्या घरच्या जुन्या फोटोंपर्यंत येणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

पाकीट का येतं?

आधी हे समजून घेऊ. टोरेंटमध्ये तुम्ही चित्रपट नुसता घेत नाही, घेता घेताच त्याचे तुकडे इतरांना वाटत असता. ‘मी फक्त पाहिला’ हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही वाटणारे ठरता. हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्या या देवाणघेवाणीवर लक्ष ठेवतात, आयपी पत्ता टिपतात, आणि कोर्टाच्या परवानगीने इंटरनेट कंपनीकडून कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते काढतात. म्हणून नोटीस चित्रपट उतरवणाऱ्याला नाही, कनेक्शनच्या मालकाला येते. आपल्या गोष्टीतल्या घरमालकिणीचं नाव त्या पाकिटावर आलं ते असं.

या नोटिशींचा पुढे धंदा होऊ लागला अशी ओरड झाली. तेव्हा २०१३ मध्ये जर्मन संसदेने कायदा बदलला. खाजगी माणसाची पहिलीच चूक असेल तर वकिलाची फी साधारणपणे एक हजार युरोच्या दाव्यावरच मोजायची, असं ठरलं. फी त्यामुळे उतरली, पण नुकसानभरपाई वेगळी मागता येते आणि तीच मोठी असते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रौढांच्या एका व्हिडिओ संकेतस्थळावर नुसतं पाहिल्याबद्दल हजारो लोकांना नोटिसा गेल्या, आणि नंतर त्या बिनबुडाच्या निघाल्या. तेव्हा पाकीट आलं म्हणजे समोरचा खराच, असंही नाही.

पण ‘नुसतं पाहिलं तर चालतं’ ही समजूतही आता जुनी झाली. एप्रिल २०१७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने हॉलंडच्या एका खटल्यात सांगितलं की, उघडउघड बेकायदा ठिकाणाहून चित्रपट स्ट्रीम करून पाहणं हेसुद्धा हक्काचं उल्लंघन ठरू शकतं. नुकताच थिएटरला लागलेला चित्रपट फुकट दिसतोय, तर तो कुठून आला असेल हे पाहणाऱ्याला कळायलाच हवं, असा त्याचा साधा अर्थ.

घरातल्या माणसाचं नाव सांगायचं का?

या कायद्यात सगळ्यात अवघड जागा आहे ती घर. मूल चित्रपट किंवा गाणी उतरवतं, कनेक्शन बापाच्या नावावर. मग दोष कोणाचा?

कार्ल्सरूहच्या बुंडेसगेरिश्ट्सहोफने, म्हणजे जर्मनीच्या दिवाणी-फौजदारी बाबतींतल्या सर्वोच्च न्यायालयाने, नोव्हेंबर २०१२ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाच्या प्रकरणात आईबापांना सोडलं. ‘असं करायचं नाही’ हे त्यांनी मुलाला नीट बजावलं होतं, एवढं पुरेसं धरलं. रोज मुलाच्या मागे कॉम्प्युटर तपासत बसायची सक्ती आईबापांवर नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

मार्च २०१७ चं प्रकरण मात्र निराळं. ते गाण्यांच्या अल्बमचं होतं, पण नियम चित्रपटालाही तोच. तीन सज्ञान मुलं, त्यातल्या कोणी हे केलं ते आईबापांना माहीत होतं, पण त्यांनी नाव सांगायला नकार दिला. न्यायालय म्हणालं, नाव सांगायची सक्ती नाही, पण मग पैसे तुम्ही भरा. रक्कम साडेतीन हजार युरोंहून अधिक होती. २०१९ मध्ये घटना न्यायालयानेही हेच उचलून धरलं.

मला हा निकाल विचार करायला लावतो. पोटच्या पोराचं नाव कोर्टात द्यायचं नाही, ही भावना आपल्यालाही कळते. जर्मन न्यायालयाने ती नाकारली नाही, तिची किंमत मात्र सांगितली. आपल्याकडची वाट याहून सोपी असावी: मुलगा परदेशी निघताना लोणच्याच्या बरणीबरोबर हेही सांगावं, ‘बाबा, तिकडे टोरेंट उघडू नकोस.’ आणि नोटीस आलीच तर ती केराच्या टोपलीत टाकू नये, आणि घाबरून सोबतच्या कागदावर सहीही ठोकू नये. ‘पुन्हा असं करणार नाही’ ही लेखी हमी जन्मभर बांधून ठेवू शकते, आणि मोडली तर दंड मोठा. जर्मनीत ‘फरब्राउखरत्सेंट्राल’ ही ग्राहकांना सल्ला देणारी केंद्रं गावोगाव आहेत, आधी तिथे जावं.

मोठे मासे

आता तुम्ही म्हणाल, शिक्षणाला गेलेल्या पोरांना धरतात, आणि खरे चोर? तेही पकडले गेले, पण त्याला वेळ लागला.

किनो डॉट टीओ या जर्मन संकेतस्थळावर नव्या-जुन्या चित्रपटांच्या लिंकांचा बाजारच भरला होता. जून २०११ मध्ये ड्रेस्डेनच्या सरकारी वकिलांनी छापे घालून ते बंद केलं. त्याच्या संस्थापकाला लाइपझिगच्या न्यायालयाने जून २०१२ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा दिली. प्रेक्षकाला सगळं फुकट दिसत होतं, पण जाहिरातींतून कमाई लाखो युरोंची होती.

याच वळणाचं दुसरं संकेतस्थळ म्हणजे मूव्ही२के. ते मे २०१३ मध्ये बंद पडलं. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे तिथून आठ लाख ऐंशी हजारांहून अधिक प्रती पसरवल्या गेल्या. जाहिरातींच्या पैशांतून चालकांनी त्या काळी स्वस्त असलेले बिटकॉइन घेऊन ठेवले होते, असा संशय. अकरा वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, सॅक्सनी राज्याच्या पोलिसांनी जाहीर केलं की संशयितांपैकी एकाने जवळपास पन्नास हजार बिटकॉइन आपणहून त्यांच्या हवाली केले आहेत. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये सरकारने ते विकले. आले किती? सुमारे २.६४ अब्ज युरो!

हा आकडा पुन्हा वाचा. चोरीच्या चित्रपटांवरच्या जाहिरातींचे पैसे फुगून एवढे झाले. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ते सरकारी ताब्यात ठेवले गेले. पण ज्यांनी ते चित्रपट लिहिले, काढले, ज्यांनी त्यांची पोस्टरं रंगवली, त्यांच्यापर्यंत यातलं काय पोहोचणार, हे विचारणारे थोडेच. चोर आणि सरकार यांच्या भांडणात मूळ कारागीर बाजूला पडतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एका दातांच्या डॉक्टरची पोस्टरं

कारागिराचा प्रश्न सगळ्यात स्पष्ट दिसतो तो पोस्टरांत, आणि इथे आपला संबंध येतो.

बर्लिनमध्ये डॉ. हान्स झाक्स नावाचे एक ज्यू दंतवैद्य होते. त्यांना पोस्टरं जमवायचं वेड. लोक भिंतीवरून फाडून टाकत तो कागद त्यांनी कला म्हणून सांभाळला. १९०५ मध्ये पोस्टरप्रेमींची संस्था काढली, ‘दास प्लाकाट’ हे मासिक चालवलं. संग्रह साडेबारा हजारांपर्यंत गेला. त्यात जाहिराती, राजकारण, नाटक, सिनेमा, सगळं होतं. १९३८ मध्ये गोबेल्सच्या हुकमावरून तो सगळा संग्रह नाझींनी उचलून नेला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या दंगलीनंतर झाक्स यांना साक्सेनहाउझेनच्या छावणीत टाकलं. सुटका झाल्यावर ते बायकामुलांसह अमेरिकेला गेले.

युद्धानंतर संग्रह नष्ट झाला असं धरून त्यांनी १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीकडून सुमारे सव्वादोन लाख मार्कांची भरपाई घेतली. काही वर्षांनी कळलं की संग्रहाचा एक भाग पूर्व बर्लिनच्या संग्रहालयात शाबूत आहे. पण मध्ये भिंत होती. १९७४ मध्ये झाक्स वारले, पोस्टरं परत न पाहता.

जर्मनी एक झाल्यावर ती पोस्टरं बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयाकडे आली. झाक्स यांचे पुत्र पीटर यांनी ती मागितली. २००७ मध्ये सरकारी सल्लागार समितीचं मत पडलं की संग्रहालयानेच ठेवावीत. मग खटला. एका न्यायालयाने हो म्हटलं. वरच्याने म्हटलं, मालक तुम्हीच, पण परत मागता येणार नाही. शेवटी १६ मार्च २०१२ रोजी कार्ल्सरूहच्या न्यायालयाने निकाल दिला की, झाक्स यांची मालकी कधी संपलीच नव्हती, आणि युद्धानंतरच्या भरपाईच्या कायद्यातल्या मुदतींकडे बोट दाखवून ती नाकारता येणार नाही. तसं केलं तर नाझींचा अन्याय कायम केल्यासारखं होईल. त्याच वर्षी चार हजारांहून अधिक पोस्टरं परत मिळाली. चौऱ्याहत्तर वर्षं लागली त्याला.

कागद एकाचा, चित्र दुसऱ्याचं

या खटल्यात ज्या पोस्टरावरून वाद चालला ते होतं ‘सिम्प्लिसिसिमस’ या व्यंगमासिकाचं, साखळी तोडलेल्या लाल कुत्र्याचं. चित्रकार थॉमस थिओडोर हाइने. तेही ज्यू घराण्यातले. १९३३ मध्ये जर्मनी सोडून पळाले आणि १९४८ मध्ये स्टॉकहोमला वारले.

आता बघा गंमत. २०१२ मध्ये निकाल लागला तेव्हा तो कागद पीटर झाक्स यांचा झाला. पण त्या चित्राच्या प्रती छापायचा हक्क? तो हाइने यांच्या वारसांकडे. जर्मनीत कलावंताच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं हक्क राहतो, म्हणजे हाइने यांच्या चित्राचा २०१८ अखेरपर्यंत होता. त्यानंतर चित्र सगळ्यांचं झालं.

ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. आजोबांच्या पेटीत जुनं सिनेमाचं पोस्टर सापडलं म्हणजे ते छापून विकायचा परवाना मिळाला, असं होत नाही. बर्लिनच्या मूकपटांची भडक पोस्टरं काढणारे योसेफ फेनेकर १९५६ मध्ये वारले. त्यांच्या चित्रांचा हक्क २०२६ अखेरपर्यंत चालू. तोवर त्यांचं चित्र मगवर, टी-शर्टवर विनापरवाना छापून विकणं हा जर्मनीत गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, धंदाच केला तर पाचपर्यंत.

उलट बाजूने कायदा मोकळाही आहे. मुदत संपलेल्या चित्राचा नुसता हुबेहूब फोटो काढून ‘आता हा माझा’ म्हणता येत नाही. काही संग्रहालयं तसं म्हणत होती. मानहाइमच्या एका संग्रहालयाचा खटला तर वरपर्यंत गेला आणि २०१८ मध्ये संग्रहालय जिंकलंही. पण जून २०२१ पासून कायद्याने ती वाट बंद केली. आणि एखाद्या पोस्टराविषयी लेख लिहिताना, चर्चेपुरतं, चित्रकाराचं नाव देऊन ते दाखवणं, याला कायद्यात जागा आहे.

चोरीच्या प्रतीने वाचलेला चित्रपट

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२२ साली बर्लिनला ‘नोस्फेराटू’ हा भुताचा चित्रपट आला. दिग्दर्शक मुर्नाउ, पटकथा ज्यू लेखक हेन्रिक गालीन यांची. गोष्ट ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ची, पण त्यांच्या विधवेला ना विचारलं ना पैसे दिले. बाईंनी खटला भरला आणि जिंकल्या. १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. तरी चित्रपट आज आहे, कारण काही प्रती आधीच परदेशात गेल्या होत्या आणि त्यांच्यावरून पुढच्या प्रती निघत राहिल्या.

मग बाई चुकल्या का? नाही, त्यांचा हक्कच होता. पण प्रती पूर्ण नष्ट झाल्या असत्या तर जगाचं नुकसान झालं असतं, हेही खरं. आपल्याच घरातलं उलट उदाहरण घ्या. ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकला लागला. तो ज्या नाटकावरून घेतला ते नाटक आपल्या जोसेफ डेव्हिड पेणकरांचं. आज त्या चित्रपटाची एकही प्रत हाती नाही. उरले ते फोटो आणि जाहिरातीचे कागद. कोणी एक प्रत, कशीही का होईना, सांभाळून ठेवली असती तर? असं मनात येतंच.

म्हणून मला वाटतं, ‘नक्कल केली की नाही’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तीन प्रश्न विचारावेत. पैसे कोणाच्या खिशात गेले? परवानगी देणारा कोणी हयात आहे का, आणि त्याला विचारलं का? आणि नाव कोणाचं लावलं? मूव्ही२केसारखे धंदे तिन्हींत नापास होतात. सांभाळण्यासाठी काढलेली प्रत, मालकाला विचारून, नाव लावून, ही पास होते. जर्मन कायद्यात कलावंताला आपलं नाव लागलंच पाहिजे असा हक्क आहे, तो पैशांपेक्षा वेगळा. आणि हाच देश एकदा नावं पुसायला निघाला होता. मार्च १९३३ मध्ये ऊफा या मोठ्या चित्रपट कंपनीने आपल्या ज्यू माणसांना काढायचं ठरवलं, त्यात निर्माते एरिक पॉमरसुद्धा होते. ‘मेट्रोपोलिस’ त्यांनीच काढला होता. ज्याचं नाव पुसलं जातं त्याचं काम पुढे कोणीही आपलं म्हणून खपवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि आपण?

आता आपल्या ग्रुपकडे बघू. ‘बूट पॉलिश’मधल्या जॉनचाचांचा, म्हणजे आपल्या डेव्हिड अब्राहम चेऊलकरांचा फोटो फिरतो. कोणी काढला, कुठल्या घरातून आला, काही नाही. वर दुसऱ्याच कोणाचा शिक्का. जुन्या पोस्टराच्या नकला हौसेने छापून हॉलमध्ये लावल्या जातात. जर्मनीतली मराठी मंडळी सणाला हॉल घेऊन चित्रपट लावतात. घरच्या चार माणसांत पाहणं वेगळं, पण असा सार्वजनिक खेळ लावायला तिथे हक्कदाराची संमती लागतेच, तिकीट लावा अथवा नको. आधी वितरकाला एक पत्र टाकलं तर पुढचा मनस्ताप वाचतो.

आपल्याला कोर्टकचेरीची गरज नाही. गरज आहे ती सवयीची. जुना फोटो, पोस्टर, तिकीट, नाटकाची जाहिरात सापडली तर मागे पेन्सिलीने लिहा: कोण, कुठलं, कोणत्या साली, कोणाच्या घरातलं. चित्रकाराची सही कोपऱ्यात असेल तर कापू नका, तीसुद्धा फोटोत घ्या. पुढे पाठवताना त्या घरच्यांना एक फोन करा. बहुतेक वेळा ‘अगं, कशाला विचारतेस, टाक की’ असंच उत्तर येतं, वर एखादी नवी आठवणही मिळते. आणि मूळ कागद ओल लागून सडण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी दाखवून ठेवा.

झाक्स यांच्या मुलाला मालकी सिद्ध करता आली, कारण बापाने संग्रह नीट नोंदवून ठेवला होता आणि त्याबद्दल छापूनही आलं होतं. आपल्या पेट्यांत काय आहे याची नोंद आपण केली आहे का? या शाब्बाथला घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं विचाराच.